माळा मागे, बरण्या पुढे

वाचक लिहितात:

"माझं वय ३८. तासगावात आमचं किराणा दुकान आहे, सासऱ्यांनी घातलेलं. समोरच शाळा. शाळेच्या फाटकापासून आमची पायरी चाळीस पावलांवर. मिस्टर सकाळी होलसेलला जातात, हंगामात बेदाणा शेडवर असतात, त्यामुळे गल्ल्यावर मीच बसते. रोजचा धंदा पाच हजारांच्या आत-बाहेर. त्यातले हजार-अकराशे मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटताना येतात, पाच-दहाच्या पुड्यांचे आणि थंड पेयांचे.

मिस्टरांना गेल्या वर्षी शुगर निघाली, ४३ व्या वर्षी. गोळ्या आणि तपासण्या मिळून महिन्याला पंधराशे जातात. मुलगी अकरा वर्षांची, वजन ५२ किलो. रोज दुकानातले दहाचे दोन पुडे तरी उघडतेच. डॉक्टर म्हणाले, हिचं बाहेरचं खाणं बंद करा. बाहेरचं कसलं, दुकान तर घरातच आहे!

गेल्या आठवड्यात शाळेतल्या बाई मीठ न्यायला आल्या होत्या. जाता जाता म्हणाल्या, 'वहिनी, शाळेपासून पन्नास मीटरच्या आत असला माल विकायचा नाही असा नियम आहे बरं का.' त्या दिवसापासून झोप नाही. मिस्टर म्हणतात, आपण नाही विकलं तर शेजारचा विकेल, आणि कोणी किती खायचं ते ज्याच्या त्याच्या आईबापांनी बघावं. त्यात थंड पेयाच्या कंपनीचा माणूस फुकट फ्रीज देतो म्हणून मागे लागलाय. मी पाप करतेय का? हा सगळा माल काढून टाकू का?"

— एक दुकानदारीण, तासगाव

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. एकदा सदर लिहिणारा म्हणून, आणि एकदा जुना सेल्समन म्हणून. हे लिहिण्याच्या आधी मी अकरा वर्षं एका डिस्ट्रिब्युटरकडे बिस्किटं आणि वेफर्स विकत होतो. टेम्पोतून उतरायचं, नमस्कार-चमत्कार, मागची उधारी, नवीन स्कीम, आणि निघता निघता दुकानाच्या कपाळावर पुड्यांच्या दोन माळा टांगायच्या. आमच्या बीटच्या, म्हणजे ठरलेल्या फेरीच्या, वहीत शाळेजवळच्या दुकानांपुढे लाल टिकली असायची. लाल टिकलीच्या दुकानात माळ किती उंचीवर टांगायची हेही ठरलेलं होतं: चौथीतल्या पोराचा हात पोचेल इतकी. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. टार्गेट पुरं झालं की दिवाळीला मिक्सर मिळायचा.

तेव्हा पापाचा निवाडा माझ्याकडून होणार नाही. गल्ल्याचा हिशेब मात्र मला येतो, तोच आधी करू.

हजार-अकराशेचा मधला आकडा धरू, १,०५०. कंपनीच्या मालावर तुम्हाला दहा-बारा टक्के सुटतात; बारा धरू. दिवसाला १२६ रुपये. शाळा महिन्याला सरासरी २२ दिवस, म्हणजे २,७७२. आता मुलगी रोज दहाचे दोन पुडे उघडते. तुम्हाला ते १७ रुपये ६० पैशांना पडतात, आणि मुलीला सुट्टी नसते, महिन्याचे तीस दिवस. झाले ५२८. उरले २,२४४. ज्या मालापायी तुमची झोप उडाली, त्याची महिन्याची खरी कमाई एवढी आहे. कमी नाही. विजेचं बिल आणि मुलीची शिकवणी त्यात निघत असेल. पण "हा माल काढला तर दुकान बसेल" अशी जी धास्ती मनात आहे, तेवढा मोठाही हा आकडा नाही. मिस्टरांच्या औषधाचे पंधराशे त्याच्या शेजारी मांडून बघा. मी असं म्हणत नाही की त्यांना पुड्यांमुळे शुगर झाली. आनुवंशिकता असते, बैठं काम असतं, भाताचं ताट असतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ सालच्या मोठ्या पाहणीत देशात दहा कोटींवर मधुमेही निघाले, आणि शेजारच्या गोव्यात प्रौढांमधलं प्रमाण २६.४ टक्के, देशात सगळ्यात जास्त. एवढं सगळं एका पुड्याच्या माथी मारता येत नाही. पण हिशेब करताना दोन्ही रकाने एका पानावर हवेत, म्हणून सांगितलं.

या हिशेबात एक गोष्ट दिसत नाही, ती तुम्हाला माझ्याहून चांगली ठाऊक असेल. हा माल रोखीचा आहे. डाळ, तेल, साखर वहीत लिहून जातं आणि पगाराला किंवा द्राक्षाचं बिल आलं की वसूल होतं. पोरगं मात्र नाणं आपटून पुडा नेतं. दुपारी दूधवाल्याला द्यायला हाताशी सुटे पैसे असतात ते त्यामुळेच. शिवाय हा माल सडत नाही. केळी तिसऱ्या दिवशी काळी पडतात आणि नुकसान तुमचं. पुडा चार-सहा महिने टांगून राहतो, तारीख उलटली तर सेल्समन बदलून देतो. लोक म्हणतात कंपन्या चव विकतात. मी अकरा वर्षं टिकाऊपणा विकला. दुकानदाराला कशाचीच जोखीम उरत नाही, म्हणून तो माल पुढे लावतो, आणि ताजा माल मागे ढकलला जातो.

आता पाच रुपये. पाचाचं नाणं पोराच्या मुठीत मावतं, म्हणून किंमत पाचच ठेवायची आणि महागाई वाढली की आतलं वजन उतरवायचं, हा धंद्याचा जुना रिवाज. उद्या दहाच्या वेफर्सच्या पुड्याची मागची बाजू वाचा. वीस-पंचवीस ग्रॅम वजन असेल. म्हणजे किलोला चारशे ते पाचशे रुपये झाले, बटाट्याला! तासगावच्या बाजारात त्या भावात उत्तम बेदाणा मिळतो, हे मी तुम्हाला सांगायला नको.

तरी हा पुडा स्वस्त वाटतो, आणि त्याला स्वस्त ठेवणारे हात तुमच्या दुकानापासून फार लांब आहेत. पुड्याच्या मागे घटक वाचले तर पाम तेल सापडेलच. आपला देश जगातला पाम तेलाचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं होतं, ३० मे २०२५ ला कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणलं. महागाई आवरायला, असं कारण दिलं, आणि ते खोटंही नव्हतं. फोडणीचं तेल सगळ्यांनाच लागतं. पण त्याच वर्षी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला आणि बाजार समितीत शेतकऱ्याच्या हातात त्याहून कमी पडले. वाळवा-कडेगावकडच्या, लातूरकडच्या कुठल्याही सोयाबीनवाल्याला विचारा. बाहेरून तेल स्वस्तात आलं की वेफर्सचा घाणा स्वस्त होतो आणि इथल्या दाण्याचा भाव पडतो.

कराचंही बघा. जानेवारी २०२५ च्या आर्थिक पाहणी अहवालात केंद्र सरकारच्याच अर्थतज्ज्ञांनी लिहिलं होतं की अतिप्रक्रिया केलेल्या खाण्यावर 'आरोग्य कर' म्हणून जादा कर लावण्याचा विचार व्हावा. आठ महिन्यांनी, २२ सप्टेंबरला, जीएसटीचे नवे दर आले. बिस्किटं १८ वरून ५ टक्क्यांवर, फरसाण-नमकीन १२ वरून ५ वर. साखरेच्या फसफसत्या पेयांवर तेवढा ४० टक्के राहिला. पाचाचा पुडा साडेचारला विकणं अडचणीचं, म्हणून अनेक कंपन्यांनी किंमत तीच ठेवून वजन वाढवण्याचा रस्ता धरला. म्हणजे करकपातीतून पोराला मिळालं काय, तर चार बिस्किटं जास्त.

आणि तुमच्या समोरच्या शाळेत काय झालं? मुलांना शालेय पोषण आहारात अंडं द्यायची योजना आपल्या राज्याने २०२३ च्या नोव्हेंबरात सुरू केली होती. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने त्यासाठीचा जादा निधी थांबवला आणि अंडं द्यायचं तर लोकसहभागातून पैसे उभे करा, असं शाळांना कळवलं. पोषण आहारात तांदूळ वेगळा मिळतो. डाळ, भाजी, तेल, मसाला, इंधन या सगळ्याला प्राथमिकच्या एका मुलामागे मे २०२५ पासून दिवसाचा दर ठरला ६ रुपये ७८ पैसे. तुमच्या माळेवरच्या पाचाच्या पुड्याहून पावणेदोन रुपये जास्त. तेव्हा रात्री झोप येत नसेल तर एवढं ध्यानात ठेवा, की हा बाजार तुम्ही मांडलेला नाही. त्याचं शेवटचं टोक तेवढं तुमच्या पायरीवर आलंय.

मिस्टरांची दोन वाक्यं आता घेऊ. दोन्हीत तथ्य आहे, म्हणून ती उडवून लावता येत नाहीत.

पहिलं, किती खायचं ते आईबापांनी बघावं. अमेरिकेतल्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत केव्हिन हॉल नावाच्या शास्त्रज्ञाने एक प्रयोग केला, २०१९ मध्ये तो छापून आला. वीस माणसांना संस्थेतच राहायला ठेवलं. दोन आठवडे कारखान्यातलं तयार खाणं, दोन आठवडे घरच्यासारखं साधं रांधलेलं. ताटात मांडलेल्या उष्मांकांची, साखरेची, मिठाची, मेदाची, चोथ्याची बरोबरी साधलेली. सांगितलं एवढंच की हवं तेवढं खा. कारखान्याच्या खाण्यावर माणसं रोज साधारण ५०० कॅलरी जास्त खाऊन बसली, आणि दोन आठवड्यांत किलोभराच्या आसपास वजन वाढलं. साध्या जेवणावर तेवढंच उतरलं. मोठी, शहाणीसुरती माणसं होती ती, कोणी हावरट म्हणून निवडलेली नव्हती. ज्या खाण्यात हात थांबतच नाही, त्याच्यापुढे अकरा वर्षांच्या मुलीला "प्रमाणात खा" म्हणायचं, तेही माळेखाली बसवून? मिस्टरांना म्हणावं, तुमच्यापुढे पत्ते ठेवते, एकच डाव खेळून उठा बघू.

दुसरं वाक्य, आपण नाही विकलं तर शेजारचा विकेल. हे मात्र शंभर टक्के खरं. आमचा सारा धंदाच या वाक्यावर चालायचा. तुम्ही माळ नको म्हणालात की मी शेजारच्याकडे बघून "बरं, तिकडे दोन जास्त लावतो" एवढंच पुटपुटायचो. पुढच्या फेरीला माळ तुमच्याकडे असायची. एकट्या दुकानदाराला चांगुलपणा परवडत नाही, म्हणून तर सगळ्यांना सारखा लागू होणारा नियम लागतो. बाईंनी सांगितला तो नियम खरा आहे. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०२० साली शाळकरी मुलांच्या आहारासाठी विनियम काढले. त्यानुसार जास्त साखर, मीठ किंवा मेद असलेले पदार्थ शाळेच्या उपाहारगृहात आणि फाटकापासून कुठल्याही दिशेला पन्नास मीटरच्या आत शाळेच्या मुलांना विकायचे नाहीत. त्यांची जाहिरातही करायची नाही. तुमची चाळीस पावलं म्हणजे तीसेक मीटर. तुम्ही आत आहात. शेजारचाही आत आहे, आणि हेच तर हवंय.

नियम असून दिसत का नाही? कारण "जास्त" कोणत्या पुड्यात आहे ते पुड्याच्या तोंडावर कुठेच लिहिलेलं नाही. मागे मुंगीच्या अक्षरांत तक्ता असतो, तो वाचायला दुकानदाराला चष्मा लागतो आणि पोराला डॉक्टर. चिली देशाने २०१६ मध्ये यावर सोपा तोडगा काढला. साखर, मीठ, मेद, उष्मांक, यातलं जे ठरलेल्या मर्यादेबाहेर असेल त्याचा काळा अष्टकोन पुढच्या बाजूला छापायचा. ज्यावर अष्टकोन, ते शाळेत विकायचं नाही, आणि त्यावर वाघोबा-सशाची चित्रंही नाहीत. या कायद्यामागे गिदो गिरार्दी हे खासदार लागले होते, ते मूळचे डॉक्टर. कंपन्यांशी झगडण्यात वर्षं गेली. कायदा लागू झाल्यावर तिथे अष्टकोनवाल्या गोड पेयांची खरेदी सुमारे चोवीस टक्क्यांनी उतरली.

आपल्याकडे २०२२ मध्ये मसुदा आला तो ताऱ्यांचा. इशारा नको, पुड्याला अर्ध्यापासून पाचपर्यंत तारे द्यायचे. आता तुम्ही गल्ल्यावरून सांगा, दीड तारा बघून गिऱ्हाईक घाबरेल की "तारा मिळालाय की" म्हणून खूश होईल? आहारतज्ज्ञांनी विरोध केला, हरकतींचे ढीग पडले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने तीन महिन्यांत काय ते ठरवा म्हटलं, मग मुदतवाढ झाली. तारखा पडतात तशा पडताहेत.

मध्येच जुलै २०२५ मध्ये वडा-समोशाची धुळवड झाली, तुम्हीही ऐकली असेल. नागपूरच्या एम्समध्ये उपाहारगृहाजवळ तेल-साखरेची माहिती देणारे फलक लावायचं ठरलं, आणि बातम्यांत झालं की सरकार समोसा-जिलेबीवर सिगारेटसारखा इशारा छापणार. आरोग्य मंत्रालयाला खुलासा करावा लागला की तसं काही नाही. त्या गोंधळात पुड्यांची बाजू मात्र आयती मांडली गेली: गाड्यावरचा वडा चालतो, मग आमच्यावरच डोळा का? मला स्वतःला वडापाव प्रिय आहे आणि तो पौष्टिक आहे असं मी शपथेवर सांगणार नाही. पण वडा चार वाजता तळतात, आठला संपतो. त्याची माळ करून लाखभर दुकानांच्या दारात सहा महिने टांगता येत नाही, आणि वडेवाला कार्टूनच्या मध्ये जाहिरात देत नाही.

तुम्हाला वाटेल, दिल्लीत तारखा पडताहेत तिथे तासगावच्या पायरीवरून काय होणार. तर उन्हाळ्यात तुमच्याकडे पुठ्ठ्याच्या डब्यातलं ते 'ओआरएस' यायचं, आठवतं? जुलाब झालेल्या लेकराला आया विश्वासाने पाजायच्या. खऱ्या ओआरएसमध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात, लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. ही गोड पेयं कितीतरी पट साखरेची. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष या विषयावर एकट्या आठेक वर्षं भांडत राहिल्या. २०२२ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने आधी मनाई केली, मग काही महिन्यांत खाली बारीक सूचना छापायच्या अटीवर परवानगी दिली. त्या थांबल्या नाहीत. ऑक्टोबर २०२५ मध्ये शेवटी आदेश निघाला की सूत्रात न बसणाऱ्या पेयावर 'ओआरएस' हा शब्द कुठेही वापरायचा नाही. तुमच्याकडे त्यातला जुना माल उरला असेल तर आजच परत करा.

आता तुमचं काउंटर.

सगळा माल एका दिवसात काढू नका. ज्यांनी असं केलं ती दुकानं मी पाहिली आहेत; तिसऱ्या आठवड्याला माळा परत येतात आणि वर घरात भांडण. पहिलं काम फक्त जागाबदलाचं. माळा उतरवा आणि तुमच्या पाठीमागच्या फळीवर ठेवा, साबणाच्या वर. कोणी नाव घेऊन मागितलं तर द्या, सध्या. मुलाला जे दिसतं ते तो मागतो, आणि जे मागावं लागतं ते निम्मी मुलं विसरतात, हे मी पगार घेऊन शिकलो आहे. तिथे पुढे काचेच्या चार बरण्या मांडा. फुटाणे, खारे शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू आणि सांगलीकडचं भडंग, जमल्यास घरचं. पाचवी बरणी बेदाण्याची, पण त्यात साखर भरपूर, तेव्हा पुडी पंधरा-वीस दाण्यांची. चिक्कीचंही तेच, गूळ म्हणून लाड करू नका.

पैशाचं बघू. फुटाणे होलसेलला किलोला १४० ने मिळाले, तर चाळीस ग्रॅमची दहाची पुडी तुम्हाला कागदासकट सहा रुपयांना पडते. दहातले चार सुटले. पुड्यावर एक-सव्वा सुटत होता. रोज अशा तीस पुड्या गेल्या की १२० रुपये झाले, म्हणजे जुना आकडा जवळपास आलाच. पहिल्या महिन्यात तीस जाणार नाहीत, दहा-बारा जातील. तेवढा खड्डा सोसायची तयारी ठेवा, आणि मिस्टरांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर आठव्या दिवशी "बघ, मी म्हणत नव्हतो?" ऐकावं लागेल. पुडी वर्तमानपत्राच्या कागदाची नको, खाण्याचा पदार्थ त्यात बांधायला मनाई आहे. साध्या कोऱ्या कागदाची घ्या. आळीत कोणाची हरकत नसेल तर मधल्या सुट्टीला वीस अंडी उकडून ठेवा, दहाला एक. शाळेतलं बंद पडलं ते निदान पायरीवर तरी मिळू दे.

फ्रीजला नाही म्हणा. हे मी अगदी ठासून सांगतो. तो फ्रीज फुकट नसतो. वीज तुमची, जागा तुमची आणि सगळ्यात मोक्याची, दाराजवळची. आत दुसऱ्या कोणाचा माल ठेवायचा नाही ही अट. ताकाची पिशवी दिसली की माणूस तोंड वाकडं करतो. महिन्याचा ठरलेला माल उचलला नाही की फ्रीज उचलून नेण्याची बोली. एकदा तो काचेचा लाल-निळा दिवा दारात लागला की बरण्यांकडे कोण बघणार? त्या माणसावर रागावू नका, त्यालाही टार्गेट आहे. "मिस्टर नको म्हणतात" म्हणा. सेल्समनला बाईने नाही म्हटलेलं पटत नाही, पण न दिसणाऱ्या मिस्टरांच्या नावाला तो लगेच मान देतो. वाईट आहे, पण उपयोगी पडतं.

मुलीचं सगळ्यात नाजूक. दुकानात राहणाऱ्या पोराला बंदी घालणं म्हणजे हलवायाच्या मुलाला उपास. वजनावरून तिला काही बोलू नका, गिऱ्हाइकांदेखत तर मुळीच नाही. या वयातल्या मुली तेवढंच लक्षात ठेवतात आणि मग लपून खातात. त्याऐवजी वहीत तिचं खातं उघडा. तिच्या नावाचं पान, जसं कुठल्याही उधारीवाल्याचं असतं. पुडा घेतला की तिने स्वतः लिहायचा, तारीख, माल, किंमत. ओरडायचं नाही, विचारायचंही नाही. महिनाअखेर तिने बेरीज करायची, आणि आधी ठरवलेल्या दोनशे रुपयांतून जेवढे उरतील तेवढे तिचे. पाचवी-सहावीतल्या मुलीला बेरीज चांगली येते. पुढच्या दारी बरण्या आल्यावर त्यातलं काहीही तिला फुकट, खात्यात न लिहिता.

आणि शेजारचा. त्याच्याशी तुमचं बोलणं आहे का, पत्रात लिहिलं नाहीत. नसेल तर बाईंना मध्ये घ्या. शाळा व्यवस्थापन समितीत बहुतेक पालकच असतात, त्यातले निम्मे तुमचेच गिऱ्हाईक. तक्रार करायला जाऊ नका. तुम्हीच फाटकाजवळ राहता, बोट आधी तुमच्याकडे येईल. समितीने दोन्ही दुकानांना एकाच दिवशी, एकाच मजकुराचं पत्र द्यावं, की अमुक तारखेपासून शाळेच्या वेळात मुलांना पुडे आणि थंड पेयं विकू नयेत, आणि त्याची एक प्रत नगरपरिषदेला, एक सांगलीला अन्न व औषध प्रशासनाला. पत्र मिळाल्यावर दोघांचं नुकसान सारखं आणि दोघांची लाज राखलेली. मिस्टरांच्या वाक्याला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे. शेजारच्याला फुटाण्यांचा होलसेलवालाही तुम्हीच गाठून द्या. दोघांनी मिळून पोतं घेतलं तर भाव उतरेल.

पहिल्या दोन महिन्यांचा हिशेब वेगळ्या पानावर ठेवा, पुडे किती, पुड्या किती, अंडी किती. तो मला पाठवा. माझ्या १२० च्या आकड्यात कुठे खोट निघाली तर ती मला कळायला हवी. मी हा धंदा सोडून बरीच वर्षं झाली.